बंबलबी माशांचा हजेरीपट



गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं आठव्या इयत्तेंतील एक विद्यार्थी काडेपेटींत एक मोठा काळा भुंगा घालून वर्गांत घेऊन आला. इंग्रजीच्या तासाला ‘बंबलबी’ हा शब्द नुकताच येऊन गेला होता. “सर, बंबलबी म्हणतात ती हीच ना?” असा त्याचा प्रश्न होता. भुंगा खिडकीबाहेर सोडून देऊन आम्हीं त्यास सांगितलें कीं, ही बंबलबी नव्हे. “मग बंबलबी आपल्या भागांत किती आहेत?” असें त्यानें विचारलें. “एकही नाहीं,” असें आम्हीं उत्तर देतांच तो म्हणाला, “एकही नाहीं, हें कोणीं मोजलें?”

वर्गांत हंशा पिकला. परंतु तो प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. एखादा प्राणी एखाद्या मुलखांत आहे हें सांगण्यास तो एकदां दिसला म्हणजे पुरे. परंतु तो नाहीं, किंवा पूर्वीं होता व आतां राहिला नाहीं, हें सांगावयाचें तर काय करावें लागतें? इंग्लंड व अमेरिका या देशांतील सामान्य लोक बंबलबी मोजण्याचें जें काम करीत आहेत, त्यांत या प्रश्नाचें उत्तर उत्तम रीतीनें सांपडतें. तेंच येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

माशीची ओळख

बंबलबी ही मधमाशीच्याच कुळांतील, पण तिच्याहून मोठी, गुबगुबीत व अंगभर दाट केस असलेली माशी आहे. काळ्या अंगावर पिवळे पट्टे आणि पोटाच्या टोंकाला पांढरा, तांबूस किंवा पिवळसर रंग, असें तिचें सर्वसाधारण रूप असतें. आपल्या भुंग्याचें पोट वरून गुळगुळीत व चकचकीत असतें, आणि तो वाळक्या लाकडांत किंवा बांबूंत भोंक कोरून राहतो. या दोन खुणा ध्यानांत ठेविल्या म्हणजे घोटाळा होत नाहीं. जगांत बंबलबीच्या सुमारें २६० जाती आहेत. केसांच्या या कांबळ्यामुळें तिला थंडी सोसते. म्हणून बहुतेक जाती थंड मुलखांत राहतात. आपल्या देशांत ती हिमालयाच्या रांगांत, काश्मीरपासून सिक्कीमपर्यंत व त्याच्याही पुढें आढळते; सह्याद्रींत व दख्खनच्या पठारावर ती नाहीं. त्यामुळेंच मराठींत तिला रूढ नांव नाहीं, व आम्हींही इंग्रजी नांवच कायम ठेविलें आहे.

हिचा संसार एका वर्षाचा असतो. राणी हिवाळाभर जमिनींत एकटी निपचित पडून राहते. वसंत ऋतु लागला कीं ती बाहेर येते, उंदराचें जुनें बीळ किंवा गवताचा पुंजका अशी जागा शोधते आणि पराग व मध सांठवून अंडीं घालते. पहिल्या कामकरी माशा हाताशीं येईपर्यंत सर्व कष्ट तिला एकटीलाच करावे लागतात. पुढें घरट्यांत पन्नासांपासून कांहीं शेंपर्यंत कामकरी माशा होतात. उन्हाळ्याच्या अखेरीस नर व नव्या राण्या जन्मास येतात. मग जुनी राणी, कामकरी माशा व नर हे सर्व मरून जातात, आणि पुढच्या वर्षासाठीं फक्त नव्या राण्या उरतात. यावरून असें दिसेल कीं, मार्च महिन्यांत दिसलेली एक राणी म्हणजे नुसती एक माशी नव्हे. तें पुढें होणारें एक सबंध घरटें होय. म्हणून मोजणारानें केवळ आंकडा लिहून भागत नाहीं. राणी, कामकरी कीं नर, हेंही त्याला लिहावें लागतें.

ही माशी मोजावयाची तरी कशासाठीं, असें कोणी विचारील. टोमॅटोच्या फुलांत पराग हा बारीक नळीसारख्या कोशांत बंद असतो. बंबलबी त्या फुलाला घट्ट बिलगून आपल्या पंखांचे स्नायु थरथरविते, तेव्हां मिठाच्या डबींतून मीठ सांडावें तसा पराग बाहेर पडतो. मधमाशीला ही युक्ति येत नाहीं. यासाठीं थंड देशांत कांचगृहांत टोमॅटो पिकविणारे लोक १९८० नंतरच्या दशकापासून बंबलबीचीं घरटीं विकत घेऊन ठेवूं लागले. पण शेतांतील व रानांतील फुलांसाठीं घरटीं कोण विकत आणणार? तेथें रानची माशीच पाहिजे.

डार्विनचीं मुलें

प्रसिद्ध सृष्टिशास्त्रज्ञ चार्लस डार्विन हे इंग्लंडांत केंट परगण्यांतील डाउन या गांवीं राहत असत. १८५४ च्या सप्टेंबर महिन्यांत त्यांच्या एका मुलानें पाहिलें कीं, एका उंच झाडाच्या बुंध्याजवळच्या भोंकाशीं बंबलबी येत आहेत. डार्विन पाहूं लागले, तों तेथें घरटें नव्हतें. नर माशा एकामागून एक येत, त्या जागीं क्षणभर घुटमळत, आणि पुढें निघून जात. पुढें त्या कोठें जातात? कुंपण, खड्डा, झुडूप ओलांडून जाणाऱ्या माशीच्या मागें एकट्या माणसानें किती धांवावें?

तेव्हां डार्विन यांनीं आपलीं पांच सहा मुलें कामाला लाविलीं. जेथें जेथें माशी घुटमळते तेथें तेथें एकेका मुलास त्यांनीं उभें केलें. सर्वांत दूरच्या मुलानें माशी येतांच ओरडून सांगावें, मग पुढच्यानें, मग त्याच्या पुढच्यानें. अशी ती आरोळी मुलामुलांमधून वडिलांपर्यंत येऊन पोहोंचे. या रीतीनें त्यांना कळून आलें कीं, नरांची वाट ठरलेली असते, थांबण्याच्या जागा अगदीं नेमक्या असतात, आणि वर्षानुवर्षें त्याच जागा चालत राहतात. गेल्या वर्षींचे नर तर मरून गेलेले. मग नव्यांना ती वाट कोण दाखवितें, हें कोडें डार्विन यांना उलगडलें नाहीं. नर माशा वाटेवर आपला वास लावून ठेवितात, एवढें पुढील शास्त्रज्ञांनीं शोधून काढिलें.

एवढा मोठा शास्त्रज्ञ, परंतु एका वेळीं सहा ठिकाणीं उभें राहणें त्यालाही शक्य नव्हतें. मुलांना शास्त्र येत नव्हतें. पण त्यांना डोळे होते, आणि नेमलेल्या जागेवरून तीं हललीं नाहींत. लोकांनीं मिळून करावयाच्या पाहणीचें सर्व मर्म या गोष्टींत आलें आहे.

गेली, पण केव्हां गेली?

मेथीच्या कुळांतील तांबडें क्लोव्हर हा गुरांचा उत्तम चारा आहे. इंग्रज वसाहतवाल्यांनीं तो न्यूझीलंडांत नेऊन पेरिला. परंतु त्याला बीं धरेना. त्याच्या फुलाची नळी खोल, आणि लांब जिभेची बंबलबी तेथें नव्हती. शेवटीं १८८५ सालीं इंग्लंडांतून राण्या जहाजानें तेथें पोंचविण्यांत आल्या. त्यांचा वंश तेथें वाढला व क्लोव्हरला बीं धरूं लागलें. आज न्यूझीलंडांत बंबलबीच्या चार जाती नांदतात. त्यांपैकीं एक जात आंखूड केसांची आहे.

हीच आंखूड केसांची जात एके काळीं दक्षिण इंग्लंडांत पुष्कळ ठिकाणीं आढळे. पुढें शेतीची तऱ्हा बदलली. कुरणें नांगरलीं गेलीं. सन १९३० च्या सुमारापासून १९८४ पर्यंत इंग्लंड व वेल्समधील रानफुलांच्या कुरणांपैकीं शेंकडा ९७ नाहींशीं झालीं. फूल गेलें तेथें माशीही गेली. आंखूड केसांची बंबलबी ब्रिटनमध्यें शेवटची दिसली ती १९८८ सालीं, केंटच्या किनाऱ्यावर डंजनेस येथें. आणि ती त्या देशांतून नष्ट झाली असें जाहीर झालें २००० सालीं. या दोन सालांमध्यें बारा वर्षांचें अंतर आहे. २०१२ सालीं स्वीडनहून सुमारें पन्नास राण्या आणून त्याच ठिकाणीं सोडण्यांत आल्या, व पुढील वर्षीं त्यांच्या कामकरी माशा दिसल्या; परंतु त्यांची कायमची वस्ती झाल्याची खात्री मिळाली नाहीं. त्यांच्यासाठीं जीं फुलांचीं कुरणें पुन्हां राखण्यांत आलीं, त्यांचा लाभ मात्र दुसऱ्या दुर्मिळ जातींना झाला. गेलेलें परत आणणें किती कठीण असतें, तें यावरून दिसेल. जात असतांनाच कळलें असतें तर कदाचित् कुरणाचा एखादा तुकडा वेळेवर राखतां आला असता.

शून्याची किंमत

येथें आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही जेथें शिकवीत होतों, त्या शाळेंत पाऊस मोजण्याचें एक यंत्र होतें, व रोज सकाळीं वहींत आंकडा लिहिण्याचें काम एका विद्यार्थ्याकडे होतें. एके दिवशीं त्यानें विचारलें, “सर, आज थेंबही नाहीं, काय लिहूं?” आम्ही घाईंत होतों. “पाऊस नाहीं तर लिहावयाचें काय?” असें म्हणून आम्हीं त्याला वाटेस लाविलें. त्यानें चौकट कोरी ठेविली, आणि पुढेंही तसेंच करीत गेला. वर्षाअखेर वही उघडली, तों कोऱ्या चौकटी पुष्कळ. त्यांपैकीं पाऊस न पडलेले दिवस कोणते, आणि सुटीमुळें वही न भरलेले दिवस कोणते, हें त्यालाही सांगतां येईना व आम्हांलाही. पावसाळाभर त्या मुलानें केलेले श्रम आमच्या एका वाक्यानें व्यर्थ गेले. दोष त्याचा नव्हता.

हजेरीपटावर रोज नांव पुकारतात, म्हणूनच मुलगा कोणत्या दिवसापासून येईनासा झाला हें कळतें. ज्या दिवशीं हजेरीच घेतली नाहीं, त्या दिवशीं तो गैरहजर होता असें म्हणतां येत नाहीं. बंबलबीचेंही तसेंच आहे.

याचें एक मोठें उदाहरण अमेरिकेंतील आहे. तेथें ऑरेगन संस्थानाच्या दक्षिणेस व कॅलिफोर्नियाच्या उत्तरेस फ्रँकलिनची बंबलबी नांवाची एक जात असे. तिचा सगळा मुलूख म्हणजे लांबी सुमारें ३०० किलोमीटर व रुंदी ११० किलोमीटर. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉबिन थॉर्प या प्राध्यापकांनीं १९९८ पासून तिची दरसाल मोजणी चालविली. त्या वर्षीं ९४ माशा दिसल्या. १९९९ त २०. २००० त ९. २००१ त अवघी १. २००२ त पुन्हां २०. २००३ त ३. २००४ व २००५ या दोन्ही वर्षीं शून्य. आणि २००६ सालीं ॲशलंड पर्वतावर एक कामकरी माशी. त्यानंतर ती कोणासही दिसली नाहीं. थॉर्प मात्र पुढेंही त्या डोंगरावर जाऊन तिला शोधीतच राहिले. २०१९ सालीं ते वारले, आणि २०२१ सालीं सरकारनें त्या जातीस नष्ट होण्याच्या बेतांत असलेल्या प्राण्यांच्या यादींत घालून कायद्याचें संरक्षण दिलें.

मित्रहो, हे आंकडे पुन्हां वाचा. २००१ चा आंकडा पाहून कोणी मोजणी सोडली असती, तर २००२ च्या वीस माशा कोणाच्या दृष्टीस पडल्या नसत्या. आणि २००४ चीं व २००५ चीं शून्यें लिहिलीं नसतीं, तर ती माशी दिसली नाहीं कीं तिला कोणीं शोधिलेंच नाहीं, हें आज सांगतां आलें नसतें. ज्या चौकटींत शून्य आहे, तेथें एक माणूस उन्हांत डोंगर चढून गेला होता. कोऱ्या चौकटींत कोणीच गेलें नव्हतें.

लोक मोजतात तें कसें?

एक प्राध्यापक एक डोंगर पाहूं शकतो. सबंध देश पाहण्यास लोकच पाहिजेत. ब्रिटनमध्यें १९७० नंतरच्या दशकांत हौशी लोकांकडून नोंदी मागवून बंबलबीचे नकाशे करण्यांत आले व ते १९८० सालीं प्रसिद्ध झाले. देशाच्या मध्यभागांतून कित्येक जाती मागें हटल्या आहेत, हें त्यांवरून प्रथमच स्पष्ट झालें. परंतु नकाशानें ‘कोठें’ हें कळतें. ‘किती’ व ‘दरसाल वाढल्या कीं घटल्या’ हें कळत नाहीं. फुलपांखरांसाठीं १९७६ पासून त्या देशांत ठराविक वाटेनें चालून मोजण्याची पद्धत सुरू होती. २००६ सालीं बंबलबी कॉन्झर्वेशन ट्रस्ट ही संस्था निघाली, व तिनें २००८ पासून त्याच धर्तीवर ‘बीवॉक’ नांवाची मोजणी आरंभिली.

तिची रीत साधी आहे. स्वयंसेवकानें आपल्या सोयीची एक ते दोन किलोमीटरची वाट ठरवावी व ती पुढें बदलूं नये. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत महिन्यांतून एकदां तरी, उबदार व निवाऱ्याच्या दिवशीं, त्या वाटेनें सावकाश चालावें. दोन्ही बाजूंस दोन दोन मीटरांच्या आंत जेवढ्या बंबलबी दिसतील तेवढ्या जातवार लिहाव्या. कोणत्या फुलावर होत्या तेंही लिहावें. एकही दिसली नाहीं तर तसें लिहून पाठवावें. वाट फुलांनीं भरलेलीच असली पाहिजे असें नाहीं. सर्वांनीं चांगल्याच जागा निवडल्या, तर सर्व देश चांगला आहे असा खोटा भास होईल.

यांत अडचणी नाहींत असें नाहीं. ब्रिटनमध्यें आज बंबलबीच्या २४ जाती आहेत, व कांहींचें रूप फार सारखें आहे. दोन साधारण जातींच्या कामकरी माशा नुसत्या डोळ्यांनीं वेगळ्या ओळखतां येतच नाहींत. तेथें स्वयंसेवकास दोहोंपैकीं एकीचें नांव ठोकून देण्याची मुभा नाहीं. दोघींची मिळून एकच नोंद करावी असा नियम आहे. आपल्याला जेवढें खात्रीनें दिसलें तेवढेंच लिहिणें, हें शास्त्रांत कमीपणाचें मानीत नाहींत. अमेरिकेंत व कॅनडांत २०१४ पासून अशीच एक योजना आहे. तेथें लोक माशीचें छायाचित्र काढून पाठवितात, आणि जाणते लोक तें तपासून मगच नोंद पक्की करितात.

लोकांच्या नोंदींत दुःखाच्याच वार्ता असतात असेंही नाहीं. झाडावरची बंबलबी म्हणून एक जात युरोप खंडांत होती. ती २००१ सालीं दक्षिण इंग्लंडांत पहिल्यानें दिसली. पक्ष्यांसाठीं बागेंत टांगलेल्या लाकडी पेट्यांत ती घरटें करते. त्यामुळें घरोघरच्या लोकांनीं तिला पाहिलें व कळविलें. बारा तेरा वर्षांत ती स्कॉटलंडांत पोहोंचली, आणि तिच्या प्रवासाचा एकेक टप्पा अशा साध्या माणसांच्या पत्रकांवरून लिहिला गेला.

आपण काय करावें?

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. आपल्या भागांत बंबलबी नाहीं असें आम्ही म्हणतों, तें कशाच्या आधारें? कीटकांचा अभ्यास करणारे लोक शंभरांहून अधिक वर्षें या मुलखांत हिंडले. त्यांना इतर माशा मिळाल्या, ही मिळाली नाहीं, आणि काय मिळालें तें त्यांनीं लिहून ठेविलें. आमचें ‘नाहीं’ हें त्यांच्या पायपिटीवर उभें आहे. त्या मुलाचा प्रश्न योग्य होता, आणि त्याच्या काडेपेटींतील भुंगाही मोजण्यास तितकाच योग्य आहे. रुईच्या फुलांवर, तुरीच्या शेतांत, भोपळ्याच्या वेलावर तो परागसिंचन करीत हिंडत असतो.

म्हणून येत्या वर्षासाठीं पुढील अभ्यास देत आहों:

१. घराजवळची किंवा शाळेजवळची सुमारें एक किलोमीटरची वाट ठरवा. वर्षभर तीच ठेवा.

२. दर महिन्याच्या ठरलेल्या आठवड्यांत, कोरड्या दिवशीं, एकाच वेळीं त्या वाटेनें चाला व दोन्ही बाजूंचे भुंगे मोजा. तारीख, वेळ, हवा व फुलाचें नांव लिहा.

३. भुंगा पकडूं नका. त्याची मादी दंश करूं शकते. आणि काडेपेटींतल्या भुंग्यापेक्षां फुलावरचा भुंगा आपल्याला अधिक शिकवितो.

४. दोघांनीं जोडीनें जावें. एकानें पाहावें, दुसऱ्यानें लिहावें.

५. एकही न दिसल्यास शून्य लिहा. जावयास जमलें नाहीं तर ‘गेलों नाहीं’ असें लिहा. चौकट कोरी सोडूं नका.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलाच्या वहींत आपण आंकडा भरूं नये, व शून्य पाहून त्यास हंसूं नये. परीक्षेंत शून्य मिळणें निराळें, आणि डोळे उघडे ठेवून चालून आल्यावर शून्य लिहिणें निराळें. पहिल्यानें मुलगा मागें राहतो. दुसऱ्यानें त्याला खरें लिहिण्याची संवय लागते, आणि ती जन्मभर उपयोगी पडते.

वर्षाअखेरीस या सर्व वह्या आम्ही एकत्र लावून पाहणार आहों. तीत पुष्कळ शून्यें निघालीं तरी आम्हांस वाईट वाटणार नाहीं. कोऱ्या चौकटी निघाल्या तर मात्र वाटेल.